मुलीला ल्युपस झाला, तो कुणाकडून आला?

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे. इतर पालकही हे वाचतील, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार. मुलगी अकरा वर्षांची. काही आठवडे ताप येत-जात होता, गालांवर लाल चट्टा, बोटांचे सांधे दुखायचे, केस गळायचे. मग सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसू लागला आणि लघवीत प्रथिनं सापडली. एएनए आणि डीएस-डीएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींच्या तपासण्या) दोन्ही पॉझिटिव्ह, सी-थ्री आणि सी-फोर (प्रतिकारशक्तीला मदत करणारी, कॉम्प्लिमेंट गटातली रक्तातली प्रथिनं) दोन्ही कमी, किडनीच्या बायोप्सीत ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे किडनीला आलेली सूज. उपचार सुरू आहेत. तुमच्या आईला थायरॉईड आहे, बहिणीला आमवात. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या आईच्या माहेराकडून आलं. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे खरं आहे का, पाच वर्षांच्या धाकट्याचं रक्त आत्ताच तपासून घ्यावं का, आणि उद्या मुलीच्या मुलाबाळांना हा आजार होईल का.

मी लहान मुलांच्या संधिवाताच्या आजारांची डॉक्टर आहे आणि ल्युपसची मुलं रोज पाहते. तुमची मुलगी मी तपासलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी 'अमुक असेल तर' अशाच सांगता येतील. पण तुमच्या लिखाणातल्या एका ओळीपाशी मी थांबले. ती तुम्ही सहज लिहून गेलात: 'नवरा माझा आतेभाऊ, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच.' थायरॉईड आणि आमवाताबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिलंय, पण जनुकांच्या बाजूने पाहिलं तर या एका ओळीला त्याहून जास्त वजन आहे. त्याकडे येतेच. आधी नेहमीचा ल्युपस कसा होतो ते पाहू, कारण तुमच्या मुलीचा आजार त्याच प्रकारचा असण्याची शक्यता अजूनही जास्त आहे.

नेहमीच्या ल्युपसमध्ये एक असं दोषी जनुक नसतंच. शंभराहून अधिक जागा सापडल्या आहेत जिथला छोटासा बदल धोका थोडासा वाढवतो. एचएलए नावाचा जनुकांचा गट, आयआरएफ-फाइव्ह, स्टॅट-फोर ही त्यातली ओळखीची नावं. यातला एकेक बदल कोट्यवधी निरोगी लोकांमध्येही असतो. असे बरेच बदल एकाच मुलात एकत्र आले, त्यात ऊन, एखादा विषाणू, वयात येतानाचे हार्मोन्स यांची भर पडली, की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींच्या डीएनएवर उलटते. म्हणजे आजार वारशाने येत नाही, आजाराकडे असलेला कल वारशाने येतो. तोही आई आणि वडील अशा दोन्हीकडून थोडा थोडा.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जुळ्यांमध्ये मिळतो. 1992 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असताना दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण 24 टक्के निघालं. एकसारख्या नसलेल्या जुळ्यांमध्ये ते 2 टक्के होतं. दोन्ही आकडे बोलके आहेत. जनुकांचा हात आहे, हे या फरकावरून स्पष्ट होतं. आणि सगळी जनुकं सारखी असूनही चारातल्या तिघांना आजार झालाच नाही, हेही तितकंच खरं.

तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्यामुळे जवळपास सगळ्या देशाची नोंद एका जागी आहे. तिथून 2015 साली आलेल्या अभ्यासात ल्युपसच्या धोक्यातला सुमारे 44 टक्के वाटा वारशाचा निघाला, उरलेला परिस्थितीचा. त्याच अभ्यासात रुग्णाच्या भावंडांना असलेला धोका इतरांच्या सुमारे 24 पट निघाला. हा आकडा इंटरनेटवर वाचून पालक हादरून येतात, म्हणून त्याचा हिशेब ओपीडीत मी नेहमी कागदावर करून दाखवते. समजा एखाद्या समाजात लाखात पन्नास जणांना ल्युपस आहे. त्याची चोवीसपट केली तर लाखात बाराशे, म्हणजे शंभरात एकाच्या थोडं वर. तुमचा धाकटा मुलगा आहे, आणि मोठेपणी होणाऱ्या ल्युपसमध्ये नऊ बायकांमागे एक पुरुष असं प्रमाण असतं, त्यामुळे त्याच्यासाठी हा आकडा आणखी खाली येतो.

आता आईचं थायरॉईड आणि बहिणीचा आमवात. संबंध आहे, नाही असं मी म्हणणार नाही. स्टॅट-फोरसारखी काही जनुकं आमवात आणि ल्युपस दोन्हींत धोका वाढवतात, आणि ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार एकाच कुटुंबात वेगवेगळ्या रूपांत दिसतात, हे आम्ही रोज पाहतो. पण तुमच्या बहिणीचा आमवात हे तुमच्या मुलीच्या ल्युपसचं कारण ठरत नाही. असे आजार नसलेल्या घरांतही मुलांना ल्युपस होतो; माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात तो पहिलाच असतो. कुणी काय खाल्लं, गरोदरपणात काय केलं, याचा इथे संबंध नाही. आजारी मुलीची रात्रंदिवस काळजी घेणाऱ्या आईच्या डोक्यावर हा आरोप ठेवणं मला फार चुकीचं वाटतं. शक्य असेल तर पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर घेऊन या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. घरात डॉक्टरांचं म्हणणं सुनेने सांगणं आणि डॉक्टरांनी स्वतः सांगणं यात फरक पडतो.

मग लहान वयातच का, आणि मुलींनाच जास्त का? एकूण ल्युपसपैकी साधारण 10 ते 20 टक्के अठराच्या आत सुरू होतो, बहुतेकदा अकरा-बाराच्या सुमारास. पाच वर्षांच्या आत तो दुर्मीळ. आजार जितक्या लहान वयात येतो तितका जनुकांचा वाटा मोठा, असं साधारण दिसतं. मोठेपणी आजार झालेल्यांपेक्षा या मुलांमध्ये धोक्याच्या बदलांची बेरीज सरासरीने जास्त भरते. मुलांमध्ये किडनीवर परिणामही जास्त वेळा होतो.

मुलींचं म्हणाल, तर हार्मोन्स आहेतच, पण एक्स गुणसूत्राची गोष्टही आहे. मुलींमध्ये दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशी त्यातलं एक गप्प करते. टीएलआर-सेव्हन नावाचं जनुक या एक्सवर आहे. विषाणूचा आरएनए ओळखून प्रतिकारशक्तीला जागं करणं हे त्याचं काम. प्रतिकारशक्तीच्या काही पेशींमध्ये ते गप्प केलेल्या एक्सवरही चालूच राहतं, म्हणजे डोस वाढतो. ज्या पुरुषांमध्ये जन्मतः एक जास्तीचा एक्स असतो, त्यांच्यात ल्युपसचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे 14 पट असल्याचं 2008 साली दिसून आलं, ते याच दिशेने बोट दाखवतं. 2022 मध्ये तर थेट पुरावा आला. सातव्या वर्षी गंभीर ल्युपस झालेल्या एका स्पॅनिश मुलीत याच जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं. तोच बदल उंदरांमध्ये घडवला, तर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. तिच्यात तो बदल नव्याने झालेला होता, आईवडिलांपैकी कुणाकडूनही आलेला नव्हता. 'कुणाकडून आलं' या प्रश्नाला कधीकधी 'कुणाकडूनच नाही' हेही उत्तर असतं.

ही स्पॅनिश मुलगी दुसऱ्या गटातली. या गटात एकच जनुक आजार घडवायला पुरेसं असतं, म्हणून त्याला एकजनुकी ल्युपस म्हणतात. मुलांच्या ल्युपसमध्ये असे शंभरात मोजकेच. पण तुमच्या 'आतेभाऊ' या शब्दाचा संबंध इथेच येतो, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. त्यांचे अवशेष वेळच्या वेळी उचलले गेले नाहीत, तर आतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागते. सी-वन-क्यू हे कॉम्प्लिमेंट गटातलं प्रथिन म्हणजे या कामावरची घंटागाडी. ते जन्मतः नसेल, तर बहुतेक सगळ्यांना लहानपणीच ल्युपस किंवा तसाच आजार होतो, मुलगा असो वा मुलगी. शिवाय हे प्रथिन जंतूंशी लढायलाही लागतं, त्यामुळे न्यूमोनिया, मेंदूज्वर असे संसर्ग वरचेवर होतात. सी-फोर पूर्ण नसलं तरी धोका खूप मोठा असतो, सी-टू नसेल तर बराच कमी. दुसरं उदाहरण डीनेस-वन-एल-थ्री. रक्तात सुटलेला डीएनए तोडणारं हे एन्झाइम. 2011 साली सौदी अरेबियातल्या काही कुटुंबांत, जिथे एकाच घरातल्या अनेक मुलांना ल्युपस होता, तिथे हे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं सापडलं. याखेरीज इंटरफेरॉनचा (विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा) मार्ग सतत चालू ठेवणारे काही बिघाड आहेत, ट्रेक्स-वन त्यातलं एक. त्यांत थंडीत बोटं-कानांवर निळसर-लाल फोड येतात, मेंदूवर परिणाम होतो.

सी-वन-क्यू, सी-फोर, डीनेस-वन-एल-थ्री या सगळ्यांत जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असलेल्या माणसाला सहसा काही होत नाही, त्याला ते कळतही नाही. परक्या दोघांच्या लग्नात दोघांकडेही नेमकं तेच दुर्मीळ जनुक बिघडलेलं असणं फार कठीण. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात. त्यामुळे त्यांच्यापैकी कुणा एकाकडची बिघडलेली प्रत दोन्ही शाखांतून खाली येऊन नातवंडांच्या मुलांत पुन्हा एकत्र येऊ शकते. अशा लग्नातल्या अपत्याच्या जनुकांच्या सरासरी सोळाव्या हिश्श्यात दोन्ही प्रती हुबेहूब एकाच पूर्वजाच्या असतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे आणि अशा बहुतेक जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात. पण मूल आजारी पडल्यावर हे नातं डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. तुमच्या डॉक्टरांना ते सांगितलंय का? आडनाव वेगळं असलं की विचारल्याशिवाय कळत नाही आणि घाईच्या ओपीडीत विचारायचं राहतं.

तुमच्या बाबतीत असं काही निघालंच, तर ती प्रत बहुधा तुमचे वडील आणि आत्या या दोघांनाही त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून मिळालेली असेल. तुमच्या आईच्या माहेराचा त्यात संबंध नसेल. हे वादात वापरण्यासाठी सांगत नाही. कुणीही काही केलेलं नसतं, माहीत नसतं, आणि असे एकेक सुप्त बिघाड आपण सगळेच बाळगून असतो.

मग तपासणी करायची की नाही हे मी कसं ठरवते? पहिल्या भेटीत केसपेपरच्या मागे तीन पिढ्यांची वंशावळ काढते. कोण कुणाचं कोण, कुठे नात्यात लग्न, कुणाचं मूल लहानपणी तापाने किंवा मेंदूज्वराने गेलं का. हे शेवटचं आईबापांना आठवत नाही, आजीला आठवतं. मग मुलाकडे पाहते: आजार पाचच्या आत सुरू झाला का, मुलगा आहे का, उंची खुंटलीय का, कान फुटणं किंवा न्यूमोनिया वरचेवर झाला का, भावंडाला तसंच काही आहे का, नेहमीची औषधं देऊनही आजार हटत नाही का. यातलं काहीच नसेल तर मी जनुकीय तपासणी सुचवत नाही. एक-दोन गोष्टी असतील तर पुढची पायरी चढते.

ती पायरी महागडी नाही. माझ्या पाहण्यातली एक चार वर्षांची मुलगी होती, गालांवर आणि हातांवर चट्टे, दोन वेळा न्यूमोनिया होऊन गेलेला, आईवडील मावस-मावस भावंडं. एएनए सौम्य पॉझिटिव्ह, सी-थ्री आणि सी-फोर चक्क नॉर्मल. फक्त तेवढे दोन आकडे पाहिले असते तर कॉम्प्लिमेंट ठीक आहे असंच वाटलं असतं. सीएच-फिफ्टी ही तपासणी कॉम्प्लिमेंटची साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते का ते पाहते, आणि ती शून्य आली. हा नमुना फार नाजूक असतो. रक्त टेबलावर उन्हाळ्यात पडून राहिलं तरी आकडा खोटाच खाली येतो, म्हणून बर्फात घालून तासाभरात लॅबला पोचवून तो पुन्हा केला. पुन्हा शून्य. मग सी-वन-क्यूची तपासणी आणि शेवटी जनुकाची. निदानामुळे तिचे उपचार खरोखर बदलले: न्यूमोकॉकल आणि मेनिन्गोकॉकल लसी, ताप आला की वाट न पाहता अँटिबायोटिक, आणि आजार उसळला की सी-वन-क्यू पुरवणारा प्लाझ्मा. हे प्रथिन बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, म्हणून निवडक मुलांमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानेही हा दोष दूर झालेला आहे.

तुमच्या मुलीचं चित्र वेगळं आहे. वय अकरा, मुलगी, डीएस-डीएनए पॉझिटिव्ह, सी-थ्री आणि सी-फोर दोन्ही कमी. हे सगळं नेहमीच्या ल्युपसला शोभणारं. विरुद्ध बाजूला फक्त नात्यातलं लग्न. सीएच-फिफ्टी आत्ता करू नका. आजार पेटलेला असताना कॉम्प्लिमेंट खर्च होतच असतं, सी-वन-क्यूसुद्धा कमी येऊ शकतं, त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. उपचारांनी लघवी साफ झाली, सी-थ्री वर आलं, की मग करा. तेव्हाही ते अगदी तळाशी असेल, किंवा उपचार नीट चालूनही सी-थ्री, सी-फोर वर येतच नसतील, तर जनुकीय तपासणी नक्की करावी. सगळं सुरळीत झालं, तर करायची की नाही हा तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा निर्णय. तुमचं नातं पाहता मी ती सुचवली असती, पण घाई केली नसती, कारण आजचे उपचार त्या तपासणीसाठी अडून राहिलेले नाहीत.

करायची ठरलं तर दोन गोष्टी. पहिली, फक्त मुलीचं नको, तुम्हा दोघांचंही रक्त एकदमच द्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलि पुरतं. तिच्यात सापडलेला बदल कुणाकडून आला की नव्याने झाला, हे त्यावरूनच कळतं. दुसरी, रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. रिपोर्टमध्ये बरेचदा 'व्हीयूएस' अशी अक्षरं येतात, म्हणजे ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही असा बदल. तो आजाराचं कारण नव्हे आणि त्यावर कोणताही निर्णय घ्यायचा नाही. रिपोर्ट कोरा आला तर इतकंच समजायचं की एकजनुकी कारण सापडलं नाही. ल्युपसचं निदान त्याने पुसलं जात नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे, तिथे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर काम चालतं, आणि चंदीगडच्या पीजीआय या रुग्णालयाला सी-वन-क्यूच्या मुलांचा चांगला अनुभव आहे. गरज पडली तर तुमचे डॉक्टर तिथे विचारू शकतील.

धाकट्याचं उत्तर मी ठामपणे देते: आत्ता त्याची एएनए करू नका. निरोगी मुलांमध्येही एएनए बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते. आली तर करण्यासारखं काहीच नसतं आणि घर वर्षानुवर्षं भीतीत राहतं. आली नाही तरी उद्याची हमी मिळत नाही. लसी वेळेवर द्या, आणि दीर्घ ताप, उन्हात वाढणारा चट्टा, सुजलेले सांधे, फेसाळ लघवी, सकाळी सुजलेले डोळे यापैकी काही दिसलं तर लगेच दाखवा. लघवीची साधी तपासणी तेव्हा पुरेशी माहिती देते. हे सगळं बदलेल ते एकाच परिस्थितीत: मुलीत दोन प्रतींचा नक्की बिघाड सापडला, तर त्याच्यातही तो असण्याची शक्यता चारात एक. मग त्याची त्या एकाच जनुकाची तपासणी जरूर करायची, कारण लसी आणि तापाच्या वेळची खबरदारी यांचा त्याला थेट फायदा होईल. तुम्हाला आणखी मूल हवं असेल तरी आधी याच माहितीवर सल्ला घ्यावा लागेल.

आणि मुलीची मुलंबाळं. तिचा ल्युपस नेहमीचा असेल, तर तिच्या मुलाला ल्युपस न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. आजार शांत असताना, डॉक्टरांशी आधी ठरवून राहिलेली गरोदरपणं चांगली पार पडतात. एकजनुकी निघाला, तर तिचा जोडीदार नात्यातला नसावा एवढं मी स्पष्ट सांगेन. नवजात बाळाचा ल्युपस ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिचा जनुकांशी थेट संबंध नाही. आईच्या रक्तातल्या अँटी-रो अँटिबॉडी वारेतून बाळात जातात. अंगावरचा पुरळ काही महिन्यांत आपोआप जातो, पण अशा आयांच्या शंभरातल्या एक-दोन बाळांमध्ये हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग कायमचा अडतो. म्हणून तिची अँटी-रो तपासणी कधीतरी होऊन फाइलमध्ये राहिली पाहिजे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या ल्युपसच्या नेहमीच्या गोळीने हा धोका कमी होतो, आणि ती बहुधा तिला आत्ताच सुरू असेल. ती बंद करू नका, बरं वाटू लागल्यावरही नाही. या गोळीवर असताना डोळ्यांची तपासणी सांगितल्याप्रमाणे करून घ्या. पुढच्या भेटीला जाताना उपचारांआधीचे पहिले रिपोर्ट बरोबर न्या, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही नवरा-बायको आते-मामे भावंडं आहोत.